अक्का, मोकळ्या जागेचा निकाल लागला

अक्का,

निकाल लागला. काय लागला ते क्रमाने सांगते, कारण मधली पानं गाळून शेवट वाचणाऱ्यांवर तुमचा फार राग. तुमच्या मातीला अख्खी कॉलनी आली होती, आणि त्या गर्दीतही दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आता त्या जागेचं कसं?" मला त्यांचा राग आला नाही. तुम्हीसुद्धा हेच विचारलं असतं.

मी रडले नाही, याची चर्चा बायकांत झाली म्हणे. शाळा उघडायच्या तोंडावर होत्या, कारखान्यात युनिफॉर्मचा ढीग पडला होता. कापड कापायचं तर हात स्थिर लागतो. पण पुढच्या मंगळवारी स्कूटर काढली आणि सवयीने तुमच्या फाटकापाशी येऊन हॉर्न दिला. मंगळवार आपला महापालिकेत जायचा वार. मग तशीच थोडा वेळ थांबले आणि एकटीच गेले. एवढंच सांगण्यासारखं आहे.

ज्यांना ही हकीकत माहीत नाही त्यांच्यासाठी सुरुवातीपासून लिहिते. आपल्या घरांच्या मागे कॉलनीची मोकळी जागा आहे. बाग नाही, झाडंही चारच. पण तिथे बोअर आहे, आणि नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसलेल्या गावात बोअर म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगावं लागत नाही. वर्षातून एकदा तिथे महाप्रसाद होतो. एरवी पोरं खेळतात आणि इस्माईलभाईंचा टेम्पो लिंबाखाली उभा असतो. एका सकाळी तिथे पाटी उभी राहिली. अमुक फर्मच्या मालकीची जागा, आत येणाऱ्यावर कायदेशीर कारवाई, खाली गट नंबर. बोअर पाटीच्या पलीकडे गेली.

माणसं जमली. कुणी म्हणालं मोर्चा काढू, कुणी म्हणालं नगरसेवकाला गाठू. इस्माईलभाई म्हणाले, "आत्ता उपटून टाकतो की पाटी. टेम्पोला दोर बांधायचा फक्त."

तुम्ही चष्मा लावून आलात आणि गट नंबर हातावर लिहून घेतलात. "उपटू नका. त्यांनी आपणहून नंबर दिलाय. आधी बघू जागा कुणाच्या नावावर आहे. मग ओरडू."

मी कारखाना चालवते, दहा प्रकारचे कागद रंगवते, पण तोवर माझी समजूत अशी होती की सरकारी कागद सरकारचे असतात आणि आपण मागितले तर उपकार म्हणून मिळतात. तुम्ही माझ्याच कॉम्प्युटरवर, बटणांच्या डब्यांमध्ये बसून, त्या जागेचा सातबारा काढून दाखवलात. त्यावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव होतं. कॉलनी पडली तेव्हा मोकळी जागा महापालिकेच्या नावावर व्हायला हवी होती, ती कुणी करून घेतलीच नाही. मालक वारला, वारसांनी जागा विकली. मग नोंदणी खात्याच्या वेबसाइटवर खरेदीखताचा गोषवारा सापडला. विकणारे कोण, घेणारे कोण, सगळं उघड्यावर, ज्याला बघायचं त्याला. मी म्हटलं, "हे असं कुणालाही दिसतं?" तुम्ही म्हणालात, "दिसतं. कुणी बघत नाही म्हणून लपलेलं वाटतं."

राहिला मंजूर नकाशा. तो माहितीच्या अधिकारात मागवला. नुसती नक्कल न घेता फाइल समोर बसून बघायची, हा तुमचा हट्ट. नगररचनाच्या खोलीत कारकुनाने नकाशा पसरला आणि तुम्ही तो फिरवायला लागलात.

"बाई, फिरवू नका, खाली पडंल. टेबल लहान हाय."

"मग टेबल फिरवा. उत्तर तिकडे आहे, खिडकीकडे. नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला नको का?"

त्याने खरंच टेबल फिरवलं. मग त्याची खुर्ची भिंतीला लागली आणि तो उभाच राहिला. "बाई, तुमी मास्तरीण होता का?"

"भूगोलाची. अजून कळतं का?"

"छडी तेवढी दिसंना."

नकाशात मोकळी जागा स्वच्छ दाखवली होती, हिरव्या रेघेने, कोपऱ्यांवर हद्दीच्या दगडांच्या खुणा. मी हसले, कारण आपलं काम झालं होतं. तुम्ही मात्र दक्षिणेच्या कोपऱ्यावर ठेवलेला अंगठा उचललाच नाहीत. मला वाटलं, जिने चढून दमलात. पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणालात, "इरली बिडू." म्हणजे असू दे. तुमच्या तोंडी कानडी आलं की विषय संपला, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

घरी येताना तुम्ही सांगितलंत की त्या कोपऱ्याला तुमचं स्वयंपाकघर आहे, आणि ते नकाशात बसत नाही.

त्यानंतर आपल्यात जे वाद सुरू झाले त्यातला एकही पुरा झाला नाही. म्हणून इथे मांडते. उत्तर द्यायला तुम्ही नाही, ही माझी सोय आहे असं समजू नका. माझी त्यात अडचणच आहे.

पहिला वाद नानांचा. फर्मच्या भागीदारांची यादी आपण काढली तेव्हा तिसरं नाव नानांचं निघालं. आपलेच नाना, कॉलनीचे जुने सेक्रेटरी, तुमच्या पलीकडच्या घरात राहणारे, महाप्रसादाला पहाटेपासून चुलीपाशी उभे असणारे. पाटी लागली त्या सकाळीही ते गर्दीत होते आणि काहीच बोलले नव्हते. मी म्हटलं, "आज संध्याकाळी सगळ्यांना बोलावते. हा कागद मध्ये ठेवू."

तुम्ही कागदाची घडी केलीत. "आधी त्यांना विचारते."

"कशाला? पळवाट शोधायला वेळ द्यायला?"

"ज्याचं नाव कागदात सापडलं, त्याला पहिल्यांदा कळायला हवं. चौकात कळायला नको."

"अक्का, नाव चोरून काढलं नाही आपण. सरकारनेच टांगलंय ते."

"नाव टांगलंय. माणूस नाही टांगला."

आणि तुम्ही गेलात. चांगला तासभर बसलात. परत आलात तेव्हा मी दारातच विचारलं, काय म्हणाले? "चहा चांगला होता," म्हणालात. त्यापुढे एक अक्षर नाही. मग फर्मच्या बांधकाम परवानगीवर महापालिकेत हरकत दाखल करताना मी भागीदारांची यादी जोडली, तर तुम्ही ती काढून माझ्या हातात दिलीत. "जागा कुणाची, हा प्रश्न आहे. नाना कसे, हा नाही." हरकतीवर पहिली सही तुमची, दुसरी माझी. यादी माझ्या पिशवीत.

फर्मचं उत्तर आलं त्यात पहिल्याच परिच्छेदात होतं की हरकत घेणाऱ्या बाईंचं स्वतःचं स्वयंपाकघर त्या जागेत आहे, तेव्हा त्यांना बोलायचा अधिकार काय. मी उत्तर तुमच्यासमोर टाकलं. "घ्या. तुमच्या चहाचं बिल. नानांशिवाय हे कुणाला सुचलं असेल?"

तुम्ही ते पूर्ण वाचलंत, मागच्या शिक्क्यासकट. मग विचारलंत, "यात खोटं काय आहे?"

मला अजून वाटतं की तुम्ही चुकलात. शत्रूला तयारीला वेळ द्यायचा नसतो. तुम्ही म्हणायचात, शत्रू हा शब्द कुठल्या कागदात आहे ते दाखव.

दुसरा वाद मोजणीचा. महापालिकेने मोजणी मागवायचं ठरवलं तेव्हा मी तुम्हाला साधा व्यवहार सांगितला होता. फर्मने पायाचे खड्डे काढलेत ते उत्तरेला. आपण उत्तरेची बाजू मोजून मागू. दक्षिणेचा विषय कशाला काढायचा? तुमच्या यजमानांनी ते स्वयंपाकघर स्वतः उभं राहून बांधून घेतलं, हे मला माहीत होतं. त्या खिडकीतून तुम्ही मला हाक मारायचात. शेंगाची चटणी, कडक भाकरी, महाप्रसादाची उरलेली हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, सगळं त्याच खिडकीतून माझ्याकडे यायचं. तुम्ही पेन मागितलंत आणि 'उत्तर' खोडून 'चारही बाजू' लिहिलंत. अक्षर वळणदार, नेहमीसारखं.

मोजणीला सगळे हजर होते. मोजणीदाराने यंत्र लावलेली काठी घेऊन चार फेऱ्या मारल्या आणि वैतागून विचारलं, "नकाशात दगड दाखवलेत. दगड कुठायत?"

शेवटी इस्माईलभाई म्हणाले, "साहेब, त्या दगडांवर हुग्गी शिजली की."

"म्हणजे?"

"महाप्रसादाला मोठं पातेलं होतं. चुलीला दगड पायजे होते. हे लई झकास होते साहेब, एका मापाचे, घडीव. पहिल्याच वर्षी उपटले. प्रसाद आमी बी खाल्ला, खोटं कशाला बोलू."

"हद्दीचे दगड चुलीला लावले?"

"तेव्हा हद्द कोण बघतंय. सगळं माळच होतं."

माणसं हसायला लागली. नाना हसले नाहीत. "मीच उपटायला सांगितले होते," म्हणाले, आणि पायाने माती सारखी करत राहिले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दगड गेल्यावर ज्याने त्याने बोअरच्या कट्ट्यावरून अंदाज धरून घरं बांधली. तुमच्या यजमानांनीही, नानांनीही. चोरी कुणीच केली नव्हती. पुण्याच्या कामात हद्द शिजवून खाल्ली होती सगळ्यांनी मिळून.

मोजणीदाराने फक्की टाकली. पांढरी रेघ तुमच्या ओट्याच्या अलीकडून गेली. मोरी, खिडकी आणि मसाल्याची फळी मोकळ्या जागेत. पुढे ती नानांच्या कंपाउंडमधून गेली. उत्तरेला फर्मचे सगळे खड्डे आत. म्हणजे कागदाने कुणालाच सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गवंडी बोलावलात. पुण्याहून शिवानंदचा फोन मला आला. "मावशी, आईला थांबवा. निकाल लागेपर्यंत तरी. नोटीससुद्धा आली नाहीये." मी थांबवायला गेले होते, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही डबे बाहेरच्या खोलीत मांडून बसला होतात.

मी म्हटलं, "निकाल विरुद्ध गेला तर भिंत फुकट पडेल."

"विरुद्ध गेला तर ती फर्मच्या जागेत असेल. मग तर पाडावीच लागेल," तुम्ही म्हणालात. "दोन्हीकडून पडतेच आहे. मग माझ्या हाताने पडू दे."

गवंड्याने पहिला घण घातला तेव्हा तुम्ही आत पोह्यांना फोडणी देत होतात, त्याच्याचसाठी. धूळ पडेल म्हणून कढईवर ताट झाकलंत. नवी भिंत आतल्या बाजूने उभी राहिली आणि स्वयंपाकघर इतकं अरुंद झालं की दोघींनी एकदम वळायचं म्हटलं तर एकीने बाहेर जावं लागे. तुम्ही मला बाहेर पाठवायचात.

सुनावणीची तारीख आली, आणि तिच्या आधी तुम्ही गेलात.

मी एकटी गेले. शिवानंद येतो म्हणाला होता, मी नको म्हटलं, त्याला प्रकरण माहीत नव्हतं. नाना मागच्या बाकावर होते, फर्मच्या माणसांपासून लांब. फर्मच्या वकिलांनी उभं राहून सांगितलं की हरकतदार मयत आहेत, सबब हरकत निकाली काढावी. त्यांनी तुमच्याविषयी दुःखही व्यक्त केलं. ते खरं असावं, माणूस वाईट दिसत नव्हता.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अर्ज उलटून पाहिला. "दुसरी सही कुणाची?"

"माझी."

"तुमचं म्हणणं?"

पिशवीत ती यादी होती. सकाळी मीच ठेवली होती. ती पुढे केली असती तर कॉलनीचाच जुना सेक्रेटरी फर्ममध्ये भागीदार आहे हे साहेबांनाही कळलं असतं आणि बाहेर दारात उभ्या असलेल्या अर्ध्या कॉलनीलाही. हात पिशवीत गेलाही होता. पण हरकत तुमची होती आणि तुम्ही जो कागद काढलात तो तुमच्या पश्चात परत जोडायचा, हे मला बरं वाटेना. तुमचं पटलं म्हणून नाही. दुसऱ्याने कापलेल्या कापडात आपण कात्री घालत नाही, एवढंच. मी मंजूर नकाशा आणि मोजणीचा नकाशा शेजारी ठेवले.

वकील म्हणाले, "साहेब, यांच्याच लोकांचं अतिक्रमण आहे. मयत बाईंचंच स्वयंपाकघर..."

साहेबांनी मोजणीच्या नकाशावर बोट ठेवलं. "हे?"

मी म्हटलं, "ते नाही आता. त्यांनी पाडलं."

"कुणाच्या आदेशाने?"

"कुणाच्याच नाही. मोजणी बघून."

साहेबांनी कर्मचाऱ्याला जागा पाहून अहवाल द्यायला सांगितलं आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

तो अहवाल गेला आणि निकाल आला. फर्मला बांधकाम परवानगी नाकारली. मोकळी जागा महापालिकेच्या नावे करून घ्यायचा आदेश झाला. हद्दीत आलेली बाकीची बांधकामं ज्याची त्याने काढावीत. फर्म वर अपील करणार म्हणतात. करू देत. सध्या पाटी निघाली आहे. इस्माईलभाईंना उपटायची फार हौस होती, पण महापालिकेच्या लोकांनी ती स्क्रू काढून नेली, त्यामुळे ते नाराज आहेत. बोअर चालू आहे. काल मीही दोन बादल्या भरल्या.

निकालानंतर नाना कारखान्यात आले. मी मशिनीचा आवाज बंद करायला सांगितला नाही. ते म्हणाले, "कंपाउंड काढतोय. अक्कांचा गवंडी कोण होता?" मी नंबर दिला. तरी उठेनात.

"सुनावणीत तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

"हरकत अक्कांची होती."

"हो. त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल सगळं. त्या दिवशी घरी मी जे बोललो ते."

अक्का, मी गिऱ्हाइकाशी वागते तशी वागले. गप्प बसले. गप्प बसलं की माणूस पुढचं बोलतो. नाना बोलले. त्या फर्ममध्ये त्यांची सही कशी गेली, कुणासाठी गेली, त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं, आणि तुम्ही समोर कागद ठेवलात तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा कसा नीट वाचला. ते घरातलं आहे, इथे लिहीत नाही. फर्मला तुमच्या भिंतीचं कुणी सांगितलं, तेही मी विचारलं. "मी नाही," म्हणाले. "त्यांचा माणूस फूटपट्टी घेऊन फिरत होता." खरं असेल. कागद नाही त्याला.

म्हणजे माझ्याशी नानांवरून इतके महिने भांडताना तुमच्याकडे उत्तर होतं. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. ते वाक्य तुम्ही वापरलं नाहीत. दारात उभं राहून "चहा चांगला होता" म्हणालात आणि माझी बोलणी खात राहिलात. मला याचा राग आहे, आणि दुसरंही काही आहे, ते मला नीट लिहिता येत नाही. तुमच्यासारखं माणूस शेजारी मिळालं, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, काय काम आहे ते सांग.

हा मजकूर छापायला द्यायच्या आधी मी नानांकडे गेले आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांचं नाव यात आहे, तेव्हा चौकात कळायला नको. त्यांनी पूर्ण ऐकला. भागीदारीचं राहू दे म्हणाले, दगडांचंही राहू दे म्हणाले. एकच वाक्य काढायला सांगितलं. शेवटी मी लिहिलं होतं की अक्का, तुम्ही मला विश्वासाने सांगितलं असतंत तर मी कुणाजवळ बोलले नसते.

मी विचारलं, "हेच का?"

नाना म्हणाले, "बाकी सगळं खरं आहे."

काढलं.